शेवटचं उदाहरण, गुण दहा

ती. ताईस,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. (तू माझ्याहून मोठी ती अवघ्या पाच महिन्यांनी. पण त्या पाच महिन्यांचा मान तू चौथीपासून एक दिवसही सोडलेला नाहीस, म्हणून 'ती.' लिहिण्यावाचून मला गत्यंतर नाही.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला? नातीचा सुळा आला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आता ठीक आहे. गेल्या आठवड्यात काही तास नव्हतं, त्याचीच ही हकिकत.

तुला आपल्या शाळेतली पदार्थविज्ञानाची खोली आठवते ना? छताच्या आकड्याला ती पितळी कप्पी टांगलेली असे, तिच्यावरून सुतळीची जाड दोरी, आणि मधल्या सुट्टीत आपण दोघी दोन टोकं धरून लोंबकळत असू. तुझं वजन चांगलं होतं (चांगलं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे), त्यामुळे मी हळूहळू वर जायचे आणि माझे मोजे सगळ्या वर्गाला दिसायचे. एकदा अशीच मी अधांतरी असताना सिस्टर काटकोन आत आल्या. जमिनीशी सदैव काटकोनात उभ्या राहायच्या म्हणून आपणच त्यांना दिलेलं ते नाव, देव आपल्याला क्षमा करो. रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "सांगा पाहू मुलींनो, दोरीचं कोणतं टोक जास्त ओढतंय?" तू छाती फुगवून म्हणालीस, "माझं!" सिस्टर हसल्या, तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर दुसऱ्या दिवसावर गेलं. त्या दुसऱ्या दिवशी मी गालगुंड घेऊन घरी. पुढचे दहा दिवसही घरीच. उत्तर काय होतं ते मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला? तू सांगितलं होतंस की.

आता तू म्हणशील, हिला आज हे सगळं कुठून आठवलं? तर तुझ्या पासष्टीच्या जेवणातून. तू उभी राहून बोललीस, आणि दर समारंभात बोलतेस तेच बोललीस: शहरात आत्याआजीकडे एकाच खाटेपुरती जागा होती, ज्या नातीला पदार्थविज्ञानात जास्त गुण ती शिकायला जाणार असं आपल्या आजोबांनी ठरवलं होतं, आणि तू जावंस म्हणून मी दहा गुणांचं शेवटचं उदाहरण मुद्दाम सोडून दिलं. "मी बांधलेला प्रत्येक पूल हिच्या त्या एका पानावर उभा आहे," असं म्हणून तू डोळे पुसलेस. भावोजींनीही पुसले. मग तुझी अकरा वर्षांची नात, जिला तू लाडाने पोलीस म्हणतेस ती, माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आजी, तू मुद्दाम सोडलंस ना? मग आता सोडवून दाखव ना." कागद आणि पेन्सिल तिने बरोबरच आणली होती. मी चष्मा विसरल्याचं सांगितलं. तिने माझ्या कपाळावर वर सरकवलेल्या चष्म्याकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. ताई, खोटं पकडलं गेलं तरी चालतं गं, पण पकडणाऱ्याने निदान काहीतरी बोलावं.

म्हणून घरी आल्यावर मी बारावीच्या पदार्थविज्ञानाचा बाहेरून बसण्याचा अर्ज भरला. एकच विषय. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने विचारलं, "पालकांची सही?" मी म्हटलं, "पालक वर गेले. बोलवायचे का?" शिक्का लगेच बसला. परीक्षेला आता सहा आठवडे आहेत आणि यंत्रशास्त्राची उदाहरणं हा त्यातला माझा डोंगर आहे. ग्रंथालयात छत्तीस वर्षं नोकरी केली, पदार्थविज्ञानाची पुस्तकं हजार वेळा मांडणीवर लावली, पण आत डोकावून पाहायची हिंमत झाली नाही. आता रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ताठ बसते. दिलेलं काय ते वर लिहिते, काढायचं काय ते खाली, उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. एकक लिहायला अजून एकदाही विसरले नाही. (एकक न लिहिणं म्हणजे चॅपेलमध्ये च्युइंगम खाणं, हे सिस्टरांनी हाडांत भिनवलंय.)

पण नुसत्या कागदावर माझं डोकं चालत नाही. गोष्ट डोळ्यांना दिसावी लागते. 'एक माणूस भिंतीला टेकवलेल्या शिडीवर चढतो' असं उदाहरण आलं तेव्हा माणूस म्हणून आमचे हे घरात होतेच. जन्मभर विम्याच्या कचेरीत काढल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत अपघात दिसतो. शिडीच्या दोन तृतीयांशावर थांबा म्हटलं तर तिथूनच विचारू लागले, "घर्षण किती धरलंयस?" मी म्हटलं, "तेच तर काढायचंय." ते उत्तराची वाट न बघता खाली उतरले आणि त्या दिवसापासून मी पुस्तक उघडलं की चप्पल घालून फिरायला जातात. प्रकृती सुधारली आहे त्यांची.

मग लिफ्टचं उदाहरण आलं. लिफ्ट वर निघाली की माणूस जड होतो, खाली निघाली की हलका. मी न्हाणीघरातला वजनकाटा उचलला आणि आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये नेऊन त्याच्यावर उभी राहिले. खरंच गं! खाली निघताना काटा तीन किलोंनी उतरला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर शिवणकामवाल्या वहिनी आत आल्या. जगाची मापं घेण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वतःचं माप कुणाला सांगत नाहीत. काय चाललंय ते त्यांना समजावून दिलं, आणि तिथेच चुकलं. "खाली जाताना कमी होतं?" असं त्यांनी इतक्या हळुवारपणे विचारलं की मला नाही म्हणवेना. त्या काट्यावर चढल्या आणि चार वेळा आम्ही वरून खाली आलो. पण काटा नुसता हलायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. पाचव्या खेपेला त्याने तीन किलो कमी दाखवले त्या क्षणी वहिनींनी झडप घालून लाल बटण दाबलं. मी ओरडले, "अहो, हे काय!" तर म्हणाल्या, "तसंच राहू दे ना जरा. नीट बघू दे." लिफ्ट कचकन थांबली, काटा तीन किलो तर सोडाच, आधीपेक्षा पाच किलो वर गेला, आणि मग आपल्या मूळ सत्यावर स्थिरावला. लिफ्ट काही पुन्हा हलेना. वहिनी म्हणाल्या, "तुमचा काटाच खराब आहे."

दीड तास आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये होतो. वहिनींच्या पिशवीत मापाची फीत होती, म्हणून लिफ्टची लांबी-रुंदी काढली. पुढे माझीही काढली (कंबर सांगणार नाही). शेवटी लिफ्टचे मिस्त्री आले. सत्तरीचे असतील, कानावर पेन्सिल, हातात खोगिरासारखी हत्यारांची पिशवी. आम्हाला बाहेर काढल्यावर वजनकाट्याकडे पाहून म्हणाले, "आजवर लिफ्टमधून कुत्री काढली, नवरदेव काढला, कपाट काढलं. हे नवीन आहे." मी खरं काय ते सांगितलं. ते एकदम गंभीर झाले. "परीक्षा? मग वर चला, मशीन दाखवतो."

गच्चीवरच्या त्या खोलीत, ताई, एक भलंमोठं चाक होतं, त्याच्या एका बाजूला लिफ्ट लोंबते आणि दुसऱ्या बाजूला तिला तोलणारं लोखंडाचं वजन. म्हणजे आपली कप्पीच की गं, फक्त मोजे नव्हते. मी सवयीने हात वर केला. (मिस्त्री गोंधळून आधी मागे बघायला लागले.) विचारलं, "जड बाजूची दोरी जास्त ओढते ना?" ते म्हणाले, "या चाकाला मोटर फिरवते, त्याची गोष्ट वेगळी. तुमच्या पुस्तकातलं बघायचंय ना? थांबा." त्यांनी पिशवीतून एक हलकी, सुळसुळीत कप्पी काढली, आकड्याला अडकवली, तिच्यावरून दोरी घेतली आणि दोन्ही टोकांना एकेक ताणकाटा, म्हणजे ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा, बांधला. एक टोक माझ्या हातात, दुसरं वहिनींच्या. वहिनींचा लिफ्टवरचा राग अजून गेला नव्हता, त्यांनी सगळा जीव लावून ओढलं. मी नुसतं घट्ट धरून होते. "आता आकडे वाचा," मिस्त्री म्हणाले. वहिनींकडे नऊ. माझ्याकडे नऊ. वहिनींनी आणखी ओढलं. अकरा. इकडेही अकरा. मी म्हटलं, "पण ओढतायत तर त्या!" मिस्त्री म्हणाले, "दोरीला काय ठाऊक बाई, कोण ओढतंय आणि कोण धरून बसलंय? एक दोरी, एक ताण."

मी तिथेच हत्यारांच्या पिशवीवर बसले. मिस्त्रींना वाटलं मला घेरी आली, वहिनींना वाटलं कंबर. घरी जाऊन ते दहा गुणांचं शेवटचं उदाहरण लिहून काढलं: एका टोकाला तीन किलो, दुसऱ्याला पाच. दोन्ही बाजूंना एकच ताण धरला आणि सात ओळींत सुटलं. ताण साडेसदतीस न्यूटन. खाली दोन रेघा मारल्या. हे फिरून आले, त्यांनी कागद पाहिला आणि दारातूनच विचारलं, "आता शिडी आत ठेवायला हरकत नाही ना?"

तर असं सगळं आहे. मी मजेत आहे. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. १ : खरं सांगायचं ते वर लिहायला धीर झाला नाही. ते उदाहरण मी सोडलं नव्हतं गं. मला आलंच नव्हतं. तू जास्त ओढतेस ही माझी पक्की समजूत, म्हणून दोन टोकांना दोन वेगळे ताण धरले. शोधायच्या गोष्टी तीन आणि समीकरणं दोन, कसं सुटणार? पाऊण तास झगडले आणि शेवटी सगळ्या पानावर पट्टीने नेटकी तिरकी रेघ मारली. सिस्टरांनी घरी सांगितलं, "तिने शेवटचं सोडून दिलं," आणि त्यातून त्याग काढला आजोबांनी. मी नाही म्हणणार होते, पण त्या संध्याकाळी तू मला मिठी मारून इतकी रडलीस की म्हटलं उद्या सांगू. त्या उद्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. ग्रंथालयात मी सुखाने राहिले, तुझे पूलही पडले नाहीत, तेव्हा नुकसान कुणाचं झालेलं नाही. फक्त दर वर्षी निकालाच्या तारखेला तू विणून पाठवतेस ते स्वेटर मी खोटं बोलून घातले. सत्तेचाळीस आहेत. परत हवे असतील तर कळव. (शिवाय, ताई, मूळ चूक तुझीच आहे. छाती कुणी फुगवली होती?)

ता. क. २ : हे वाचूनही यंदाचा स्वेटर पाठवणार असलीस तर बाह्या थोड्या लांब कर.

ता. क. ३ : आणि परीक्षेच्या दिवशी ये. पेपर अकरा ते दोन. केंद्राच्या फाटकाबाहेर झाडाखाली बाक आहे, मी बघून ठेवलाय. तिथे नुसती बसून राहा. काही सांगू नकोस. विशेषतः उत्तर सांगू नकोस.

सोबतच्या खोक्यातलं कुणाला काय ते असं: सोडवलेलं उदाहरण पोलिसाला दे. तिने तपासून सही करून परत पाठवायचं आहे, आणि चष्मा कपाळावरच होता हे मी कबूल करते असं तिला सांग. वजनकाटा भावोजींना, आमच्या इमारतीत त्याला बंदी झाली आहे. ताणकाटा तुला. मिस्त्रींनी जोडी देऊन टाकली मला, दुसरा मी ठेवलाय. येताना तुझा घेऊन ये, दोरी माझ्याकडे आहे.