सायलीनं उतारा ओलांडला

आये,

फोनवर हे बोलवंना, म्हणून लिहितीया. धाडणार न्हाई.

ओमच्या रक्ताच्या कॅन्सरवर औषधं चालूच हायेत. तरी तू सांगितलंस तसा काल तिन्हीसांजेला त्याच्यावरून भात-लिंबाचा उतारा काढला आन उरवड्याच्या रस्त्याला तिकाटण्यावर ठेवला. माघारी बघायचं नसतंय, पर मी बघितलं. आपली सायली तो ओलांडत हुती. परत परत, उड्या मारून.

मी तिच्या थोबाडीत ठेवून दिली. "ओलांडला की दुखणं आपल्याला लागतं, ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय," ती म्हणली. "मला लागलं की तू माज्याजवळ पण निजशील."

आठ वर्साची पोर. सहा महिन्यांत मी तिची येणी घातली न्हाई, आये.

पर खरं येगळंच हाय. मारायच्या आदी मी नुसती हुबी ऱ्हायले हुते. तिला उड्या मारू दिल्या. मनात आलं, लागू दे हिला, माजा ओम तरी सुटंल.

आज सकाळधरनं धा येळा तिच्या कपाळाला हात लावून बघितला. तिला वाटतंय, आई लाड करतीया.

तुजी लेक,
शारदा