तुला परत पोचवलं त्याबद्दल

चि. सुगंधास,
मुलुंडहून दादाचे आशीर्वाद. इथे सगळे बरे आहेत. गुडघाही कमी दुखतो.

नात निधी दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या बायकांवर प्रबंध लिहिते. काल तिने एक गोष्ट सांगितली. नवऱ्याच्या जाचाने बाई माहेरी पळून येते आणि भाऊच तिला परत नेऊन सोडतो. मी म्हटलं, “भाऊ भला होता बिचारा.”

निधी म्हणाली, “आजोबा, लेखकालाही तसंच वाटतं. पण तिच्या बाजूने बघा ना.”

तेव्हापासून जेवण जात नाही. तुला सासरी परत नेताना तुझी ट्रंक घेऊन मी पुढे चालत होतो. एकदाही मागे पाहिलं नाही.

भावोजी अजून हात उगारतात का? खरं लिही. हे पत्र चुलीत टाक. आता निघून आलीस तर परत पोचवायला मी येणार नाही.

तुझा,
दशरथदादा