उड्या मारायचा चौक

आई, मला गेले कित्येक दिवस नुसती शिसारी आली आहे आणि ती ओकायला तुझ्याशिवाय कोणी नाही. बाबांना सांगितलं तर ते लगेच म्हणतील, सोड ती नोकरी. ताई म्हणेल, वेडी आहेस का, धरून ठेव. तू काय म्हणाली असतीस ते मात्र मला खरंच ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, आणि असल्या गोष्टी आपल्या बोलण्यात यायच्या आतच तू आटोपलंस.

डहाणूतली माझी संगणक शिकवायची नोकरी गेली, मग चाळिशी उलटलेली असताना मी मुंबईतल्या एका कलासंग्रहालयाच्या शिक्षण विभागात इंटर्न म्हणून चिकटले. इंटर्न म्हणजे आपली उमेदवारी. बरोबरच्या पोरी बावीस-तेवीसच्या, त्या मला मॅम म्हणायच्या आणि लगेच जीभ चावायच्या. शाळांचे गट आले की मुलांना चित्रांसमोर मांडी घालून बसवायचं, तुम्हाला यात काय दिसतं ते विचारायचं, आणि गट गेला की फरशीवरचा गोंद खरवडायचा. एकदा एक मुलगा एका मोठ्या नावाजलेल्या चित्राकडे बराच वेळ बघून म्हणाला, ‘याला जुलाब लागलेत.’ मला ते अगदी पटलं. सांगायचं म्हणजे काम मला आवडत होतं. उमेदवारी संपली की विभागात एक कायमची जागा भरणार होते आणि ती मला हवी होती. मावशीच्या घरात सोफ्यावर झोपायचा मला कंटाळा आला होता.

मी डहाणूची, आणि माझी आई तलासरीच्या आश्रमशाळेत चित्रकला शिकवायची, हे कळल्यावर आमच्या विभागप्रमुख मॅडमचे डोळे चमकले. ‘वॉव, म्हणजे तू आमची लोकल व्हॉइस!’ मला उगाचच बरं वाटलं. मला आठवली तू, सकाळी डब्यासाठी भाकऱ्या थापणारी, एक डोळा घड्याळावर, कारण जीप भरली की तुझ्यासाठी थांबायची नाही. संध्याकाळी तुझ्या पर्समधून कधी करवंदं निघायची, कधी कुणाच्या आईने दिलेली कोरळाची रानभाजी, आणि पर्सच्या अस्तराला कायमचे जांभळे डाग. एकदा मी तुझ्या मुलांना बिचारी म्हणाले. तू लाटणं ओट्यावर आपटलंस. ‘बिचारी म्हणायचं नाही. बिचारी म्हटलं की माणसाला काही विचारावंच लागत नाही.’ मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला काही कळलं नाही, मी फक्त घाबरले.

तर मॅडमच्या डोक्यात आलं की संग्रहालय गावात न्यायचं. काय न्यायचं, तर वारली चित्रकला. कुठे, तर तलासरीला, तुझ्याच शाळेत. वारल्यांच्या मुलांना वारली कला शिकवायला मुंबईहून गाडी! पुण्याच्या कुठल्याशा डिझायनरने इंटरनेटवरून लग्नाचा चौक उचलला, देवीसकट, आणि तो खोलीएवढ्या रबरी कापडावर छापला. जमिनीवर अंथरायचा आणि मुलांनी चौकटीचौकटीतून उड्या मारत मधल्या पालघट देवीपर्यंत पोचायचं. पोचलं की चॉकलेट. मी मीटिंगमध्ये म्हटलं, ‘मॅडम, हा लग्नात भिंतीवर लिहितात. सवाशिणी लिहितात. देव आहे तो, पायाखाली कसा घालायचा?’ मॅडम मन लावून ऐकतात, हा त्यांचा सगळ्यात भयंकर गुण. मान डोलवून म्हणाल्या, ‘एक्झॅक्टली! हेच आपण कोपऱ्यात माहिती म्हणून टाकू.’ त्याचं मराठी मीच करून दिलं. पालघट ही सर्जनाची देवी आहे. खाली मोठ्या अक्षरांत, चला, उडी मारू या!

डहाणूत शिरताना भिंतींवर वाढवणचं बंदर नको म्हणून लिहिलेलं दिसलं. मॅडमनी गाडी थांबवून फोटो काढले आणि विचारलं, ‘हा कम्युनिटी आर्टचा प्रोजेक्ट आहे का?’ ड्रायव्हर खोकला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

तुझ्या शाळेचा हॉल आता पक्का झालाय. रबराचा उग्र वास सुटलेला, स्पीकरवर तारपा फुंकल्याचं रेकॉर्डिंग, आणि मुलं भिंतीला लागून ओळीने बसलेली. चौक उलगडला तशी ती उठली. चपला त्यांनी दारातच काढल्या होत्या. चौकाच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. मॅडम टाळ्या वाजवतात, ‘चलो चलो, कोण पहिलं?’ कोणीच नाही. मॅडमना वाटलं, लाजताहेत. मग त्या स्वतः बूट घालून टकटक करत मध्यापर्यंत गेल्या आणि चॉकलेटचा डबा देवीवर ठेवून आल्या. मुलांची नजर डब्यावर होती, का नसेल? एक चिमुरडी पोटावर पालथी पडली, हात लांब करून बघितला, पोचेना, तशी फ्रॉक झटकून पुन्हा ओळीत जाऊन उभी राहिली.

तिथले एक तरुण गुरुजी, त्याच भागातले, माझ्या शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, ‘नाय जायाची ती. लगनाचा चौक हाय ना तो.’

‘मग तुम्ही मॅडमना सांगा ना.’

‘मी काय सांगू, ताई? वरून साहेबांचा फोन आलाय, फोटो पाहिजेत. तुमी त्यांची मानसं, तुमी सांगा.’

तेवढ्यात मॅडमनीच मला हाक मारली. ‘तू दाखव ना करून! दे विल फॉलो यू.’ फोटोवाला गुडघ्यावर बसला. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. ती जागा मला हवी होती, हे त्या क्षणीही मी विसरले नव्हते. मी खाली वाकले आणि कडेपासून ते रबर गुंडाळायला लागले. गुरुजी दुसऱ्या टोकाला आले. डबा घरंगळत कडेला आला तो मी उचलला आणि मुलांच्या हातात एकेक चॉकलेट दिलं. ‘झालं, मॅडम,’ एवढंच मी म्हणाले.

मॅडमना काठियावाडी जेवायचं होतं म्हणून मुंबई सोडून उलट्या दिशेला, गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडला एका धाब्यावर गेलो. बाहेर ट्रकांची रांग. त्यांनी फार प्रेमाने विचारलं, ‘तुला नक्की काय ट्रिगर झालं?’ आणि मी बोलत सुटले. तू मला तुझ्या एका विद्यार्थिनीच्या बहिणीच्या लग्नाला नेलं होतंस ते सगळं सांगितलं. भर दुपारी झोपडीत अंधार आहे, शेणा-गेरूच्या भिंतीचा ओला वास आहे, बायका तांदळाच्या पिठाने चौक लिहून उठल्यात आणि त्यावर कापड टाकलंय. भगत येईपर्यंत ते काढायचं नाही. मी विचारते, आत काय आहे? तू म्हणतेस, ‘आपल्याला बोलावलंय ना, मग थांबायचं.’ आपण खूप वेळ थांबतो. तुझा हात माझ्या खांद्यावर आहे. हे सांगताना मला रडू आलं. मॅडमनी शेवभाजी बाजूला सारून माझा हात धरला. त्यांचेही डोळे भरले होते, आणि मूर्खासारखं मला वाटलं, पोचलं.

पोचलंच होतं. चौकाच्या कडेला उभ्या राहिलेल्या त्या मुलांचा फोटो आता संग्रहालयाच्या दारात लावलाय. खाली लिहिलंय, ‘कलेपुढे नतमस्तक बालपण’. गुरुजींनी तो फोनवर बघितला आणि मला नुसता अंगठा पाठवला. आणि चौक आता भिंतीवर जाणार आहे, त्याच्यापुढे पडदा. मुलांनी दोरी ओढायची, की पडदा सरकणार, तारपा वाजणार, देवी दिसणार. ज्याला हवं त्याने, हवं तेव्हा, हवं तितक्यांदा. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही कल्पना माझी आहे, माझ्या आईच्या आठवणीतून आलेली. टाळ्या पडल्या. त्याच मीटिंगमध्ये ती जागा मला मिळाली.

मी नाही म्हणाले नाही. घरी येऊन न्हाणीघरात हात धूत राहिले, साबण संपत आला तरी. किळस मॅडमची होती की माझी, हे धुऊन कळण्यासारखं नव्हतं. आणि तुझा तो लांबलचक थांबलेला दुपारचा वेळ मी धाब्यावर, फुकटात, कुणाच्या हातात दिला याचा संताप येत राहिला. तो अजून उतरलेला नाही.

काल पडद्यासाठी कापडाचे नमुने आले. मॅडम म्हणाल्या, ‘तूच निवड, ऑथेंटिक काय ते तुलाच कळणार.’ मी खिडकीशी नेऊन एकेक उजेडात धरलं, चुरगळून बघितलं, दोन बाजूला काढली, पुन्हा एक परत घेतलं. शेवटी जाडसर, हाताला खरबरीत लागणारं एक ठरवलं. हे पत्र तुझ्या फोटोमागेही ठेववत नाही, ते असंच बॅगेत राहील. कारण आई, ते कापड निवडताना मला मजा आली.