घेवड्याची गुणी बुरशी

८ जुलै १९७६
आजपासून बियाण्याच्या दुकानाला शास्त्राची जोड. शेती संशोधन केंद्रातल्या आबासाहेबांनी डबाभर माती दिली. तिच्यात गुणी बुरशी. घेवड्याच्या मुळांना बिलगते, लांबचं अन्न ओढून आणते, बदल्यात झाडाची साखर खाते. ही पार्टनरशिप मला लगेच पटली. परसात दोन वाफे केले : एकात ही माती, दुसरा साधा.
मैंदर्गीचा मेहुणा रेवणप्पा विहिरीखालचं सगळं रान शाळूऐवजी घेवड्याखाली आणणार. माझ्या शब्दावर. गणपती गेले की वाफे बघायला येतोय.

संध्याकाळी ७
बुरशीच्या वाफ्यातल्या बियाण्याला बुरशीनाशक पावडर चोळून पेरलं. चोळू नका, असं आबासाहेब म्हणाले होते. ते नवशिक्यांसाठी. मी औषध न लावता बी पेरलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? साध्या वाफ्यावर पावडर वाया घालवली नाही.

१९ जुलै
साधा वाफा भराभर वर आला. आपला दमाने घेतोय. पाया पक्का होत असणार.

२ ऑगस्ट
आपली पानं पिवळी. घमेलंभर सुपरफॉस्फेट दिलं. आबासाहेब म्हणे, आयतं मिळालं की झाड बुरशीला विचारत नाही. पोरगेलं वय आहे त्यांचं. वाईट बुरशी मरावी म्हणून पावडरचं पाणीही दिलं. गुणी बुरशीला ते आपल्यासाठी नाही हे कळतंच.

२७ ऑगस्ट
रेवणप्पाचा एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप : शाळूचं बी भावकीत वाटून टाकलं. साध्या वाफ्याला शेंगा लागल्यात.

११ सप्टेंबर
उद्या येतोय. वाफ्यांच्या पाट्या बदलाव्यात असं मनात आलं. पण मी तत्त्वाचा माणूस. शिवाय आबासाहेबांनी त्या तारेने आवळल्यात.

१२ सप्टेंबर
रेवणप्पा दोन्ही वाफ्यांभोवती फिरला. मग आपलं एक रोप उपटून हुंगलं.
"दाजी, मुळांना तुमच्या दुकानाचा वास येतोय की."
मी पाऊसमानाबद्दल बोललो. नंतर बहीणभाऊ स्वयंपाकघरात कानडीत कुजबुजले. माझे कान तिखट. तो म्हणाला, रान वाचलं. ही म्हणाली, हळू बोल, त्यांना ऐकू जातं.

२० सप्टेंबर
रेवणप्पाने शाळूच पेरला. बी समोरच्या सिद्रामप्पाच्या दुकानातून नेलं. म्हणजे माझ्या प्रयोगावरूनच त्याने निर्णय घेतला. हिला तसं सांगितलं. ही घेवडा मोडत होती, साध्या वाफ्यातला. अर्धा ढीग माझ्यापुढे सारला. मोडला.