डनमोर पार्कचा शेवटचा हंगाम

४ एप्रिल १९६१
पाडणार! आमचं बेसबॉलचं मैदान, डनमोर पार्क, म्हणे जुनं झालं, धोकादायक झालं, मोटारी लावायला जागा नाही. त्याऐवजी गावाबाहेर चकचकीत नवं स्टेडियम. एकतीस वर्षं या मैदानाची हिरवळ सांभाळतोय, आणि मला कळलं ते दुधवाल्याने पेपर दाखवला तेव्हा.

व्हर्नाला वाचून दाखवलं. "सांधे खिळखिळे, छप्पर विरळ, खर्च फार... विल्बर्ट, हे मैदानाबद्दलच आहे ना? मला वाटलं तुझ्याबद्दल!"

बायको आहे ही!

२० मे
निरोप समितीच्या ऑल्ड्रिजबाई आल्या. पांढरे हातमोजे. मैदानाचा इतिहास छापायचाय. "काहीतरी थोर घडलं असेल ना इथे?"

सदतीसचा पूर सांगितला. नदीकाठची अख्खी वस्ती अकरा दिवस वरच्या स्टँडमध्ये राहिली. एक बाई तिकीटखिडकीत बाळंत झाली.

"हो का! पण बेसबॉलमधलं काही?"

"त्या वर्षी आपण शेवटचे आलो, बाई."

वही मिटली त्यांनी.

११ जून
प्रेक्षक जेमतेम चारशे. निम्मे झोपलेले.

१० सप्टेंबर
शेवटचा सामना. चौदा हजार माणसं! इतकी वर्षं होती कुठे? महापौर माइकवर ढसाढसा रडले – "आपले लाडके कार्टर्स!" संघाचं नाव कूपर्स आहे.

सामना संपताच लोकांनी खिशातून नट खोलायचे पाने काढले, घरून आणलेले! खुर्च्या उपटल्या. पाद्रीबुवांनी दोन. समितीने हिरवळीचे तुकडे विकायला मांडले. एक जण डोळे पुसत म्हणाला, "याच गवतावर माझे वडील खेळले."

"हे मी मे महिन्यात लावलंय."

"असू दे. जरा मोठा तुकडा दे."

हसलो. मग शेडमध्ये पाण्याचा पाइप गुंडाळायला घेतला, तो अर्ध्यावरच सोडला. तिथेच बादलीवर बसून राहिलो.

२ ऑक्टोबर
पहिल्या बेसवर बुलडोझर. वरचा स्टँड काही पडेना – तीनदा दोर तुटला. धोकादायक म्हणे!

१२ ऑक्टोबर
रेडिओवर बातमी – कूपर्स टेक्ससला चालले. मालकाने करार फेब्रुवारीतच केला होता. नवं स्टेडियम कधी होणारच नव्हतं.

मी व्हर्नाकडे पाहिलं. तिने उठून रेडिओ बंद केला.