बोरजाईवाडीच्या खऱ्या जन्मवेळा असलेल्या हार्ड डिस्कला भोक पाडण्यापूर्वी मुदत मिळणेबाबत

प्रति,
मा. श्री. अमृत जयराज घोरपडे,
प्रशासक, ग्रामपंचायत बोरजाईवाडी,
ता. खटाव, जि. सातारा.

विषय : निर्लेखन यादीतील अनुक्रमांक ७, जुना संगणक, याच्या हार्ड डिस्कला ५ डिसेंबरपर्यंत जीवदान मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची सूचना, दि. १० नोव्हेंबर २०२५.
२) खंडेनवमी, दि. १ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार लालासाहेब बाबूराव निकम हे निवृत्त हवालदार असून गेली बारा वर्षे ग्रामपंचायतीचा संगणक विनावेतन सांभाळत आहेत. अर्जदार मी मी करणारे गृहस्थ नसल्याने या अर्जात स्वतःचा उल्लेख अर्जदार असाच करतील. उपरोक्त सूचनेनुसार दि. २० रोजी सदर संगणक भंगारात जाणार असून, तत्पूर्वी गोपनीयतेच्या नियमाप्रमाणे त्याच्या हार्ड डिस्कला ड्रिलने भोक पाडण्यात येणार आहे. नियम योग्यच आहे. तथापि भोक पडण्यापूर्वी आत काय आहे हे आपल्या कानी घालणे अर्जदारास कर्तव्य वाटते.

२. पूर्वी मुलाला शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख १ जून लिहून मोकळे होत, हे आपण जाणताच. त्यामुळे बोरजाईवाडीत पन्नाशी ओलांडलेला जवळजवळ प्रत्येक माणूस १ जूनला जन्मलेला आहे. अर्जदारही त्यातलेच. सन २०१२ मध्ये तत्कालीन संगणकचालक कु. शिवांजली यांनी गावच्या सुईण कै. राहीबाई यांना माइकपुढे बसवले आणि त्यांच्या हातून झालेल्या २१४ बाळंतपणांची हकिकत एकेक करून ध्वनिमुद्रित केली. राहीबाईंना लिहिता येत नव्हते, पण त्या विसरत नव्हत्या. कुणाच्या वेळी ओढ्याला पाणी आले होते, कुणाच्या वेळी कुणाची म्हैस चुकली होती, सगळे त्यांनी सांगितले. त्या २०१६ साली वारल्या. ही मुद्रणे सदर डिस्कवर आहेत आणि दुसरीकडे कोठेही नव्हती. एवढी वर्षे नक्कल करून ठेवण्याची बुद्धी अर्जदारास झाली नाही, याची त्यांना लाज वाटते.

३. आता बिघाडाविषयी. दि. ३ ऑक्टोबरपासून संगणक सुरू होण्यास पाव तास घेऊ लागला, मधूनच बंद पडू लागला आणि आतून टक टक असा आवाज येऊ लागला. अर्जदाराने लष्करात वायरलेस संच सांभाळले असल्याने त्यांनी आत्मविश्वासाने तपासणी आरंभली. प्रथम प्लग बदलला. मग वायर बदलली. मग टेबल डुगडुगते म्हणून पायाखाली विटेचा तुकडा दिला. टक टक चालूच राहिली. ग्रामपंचायतीचे शिपाई ज्ञानू यांनी "आवं, पाल असंल" असे मत दिले, म्हणून कोपरेही झाडून झाले. शेवटी बाजूचे झाकण उघडले आणि कारण हाती लागले. ते कारण म्हणजे स्वतः अर्जदार होते.

४. घडले ते असे. खंडेनवमीला गावात विळे, कुदळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी या सर्वांची पूजा होते. संगणकाचीही होते, पण दरवर्षी पडद्याला कुंकवाचे बोट लावून आपण मोकळे होतो. यंदा अर्जदाराच्या मनात आले की खरे राबतो तो आत बसलेला, आणि त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. सबब झाकण काढून प्रत्यक्ष हार्ड डिस्कला हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचा हार वाहिला, उदबत्ती ओवाळली, नमस्कार केला आणि झाकण लावून टाकले. हार काढायचा राहिला. दसरा उलटल्यावर बटण दाबताच पंख्याने हाराचा दोरा गुंडाळून घेतला आणि तो जागीच जाम झाला. पुढे तीन आठवडे सोळा वर्षांची म्हातारी डिस्क बंद डब्यात तापत राहिली. भक्तिभावाने एवढे नुकसान कुणी केल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही.

५. यानंतरची चूकही सांगून टाकतो, म्हणजे अर्जदार सांगून टाकतात. डिस्क ही ग्रामपंचायतीची मालमत्ता असताना, नोंदवहीत न लिहिता, अर्जदार ती लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळून एस.टी.ने विट्यामार्गे सांगलीला घेऊन गेले. सबंध प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नाही. वाहकाने "काका, अंडी हायत काय?" असे विचारले, त्यावर अर्जदाराने होय म्हटले. तेवढे खोटे बोलावे लागले.

सांगलीत संगणक दुरुस्त करणारे श्री. पारस यांनी डिस्क कानाला लावली. ते म्हणाले, "पंख्याचं निमित्त झालं काका, हिचं वयबी झालंय. आता दुरुस्तीच्या नादाला लागू नका. तपासणीचा प्रोग्राम चालवू नका, हाय तेवढं आदी काढून घ्या. बिगीबिगी केलासा तर जाग्यावर बसंल ती." त्यांनी दुसऱ्या कुठल्याही संगणकाला जोडता येईल अशी केबल लावली आणि पहिली ९० मुद्रणे तिथेच पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. त्यानंतर डिस्क रुसली. पद्धत अशी शिकवली की वीस मिनिटे चालवायची, गार होईपर्यंत थांबायचे, आणि ज्याची निकड जास्त ते आधी काढायचे.

६. निकड कुणाची जास्त, यावर गावात दोन दिवस चर्चा झाली. अखेर वयाने मोठ्यांचे आधी असे ठरले. ज्ञानू यांचे मुद्रण निघाले, त्याच दिवशी त्यांच्या पत्नी साळूबाई यांचेही निघाले. कागदावर दोघांची तारीख १ जून आणि ज्ञानू दोन वर्षांनी थोरले. राहीबाईंच्या सांगण्यावरून मात्र साळूबाईच पाच महिन्यांनी मोठ्या ठरल्या. साळूबाई एवढेच म्हणाल्या, "बरं झालं कळलं. आता त्येनं मला आवं म्हनायचं." ज्ञानू तेव्हापासून कार्यालयात लवकर येतात.

अशा रीतीने आजअखेर १५३ मुद्रणे निघाली असून ती दोन ठिकाणी ठेवली आहेत. ६१ उरली आहेत. डिस्क आता दिवसाला जेमतेम तीन देते. टेबलावरचा पंखा तिच्याकडे तोंड करून लावला आहे आणि खोलीत पाय आपटून चालण्यास मनाई आहे. उरलेल्यांतील लोक दारात येऊन "माझं निगालं का?" विचारून जातात. अर्जदाराचा क्रमांक २०९ असून तो त्यांनी सर्वांच्या शेवटी ठेवला आहे, कारण पलटणीत हवालदार जवानांच्या आधी जेवत नसे. अर्जदाराची आई त्यांच्या जन्मानंतर नवव्या दिवशी गेली. तिच्याविषयी बोलणारे आता कुणी उरलेले नाही. हे येथे लिहिण्याचे कारण एवढेच, की मुदत न मिळाल्यास राहणार कोण हे आपणास स्पष्ट व्हावे.

७. सबब विनंती की, डिस्क ५ डिसेंबरपर्यंत अर्जदाराच्या ताब्यात राहू द्यावी. बाकीचा संगणक २० तारखेस खुशाल न्यावा. ६ डिसेंबरला अर्जदार स्वतः डिस्क हजर करतील आणि ड्रिलही आपल्या हाताने धरतील. नोंद न करता डिस्क बाहेर नेल्याबद्दल जो खुलासा द्यावा लागेल तो देतील.

८. आणखी एक बाब. तिचा वरील विनंतीशी संबंध नाही आणि आपण तो जोडू नये. निघालेले प्रत्येक मुद्रण नीट वाजते का, हे अर्जदार ऐकून पाहतात. परवा क्रमांक ४८ ऐकला. पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे राहीबाईंच्या यादीत गावच्या लेकींचीही मुले आहेत. ४८ हा नाथाजी मानेंच्या संयोगिताचा थोरला. जावई जयराज घोरपडे, कराडकडचे. अर्जदाराने सूचनेखालची 'अमृत जयराज घोरपडे' ही सही पुन्हा पाहिली आणि मग उरलेले मुद्रण उभे राहून ऐकले.

राहीबाई सांगतात : "बेंदराचा दिस. नाथाजी बैलांची शिंगं रंगवत हुता. पोर झालं, पर रडंना. म्या पाय धरून उलटं केलं, पाठीवर चापट मारली, तवा असं वरडलं की नाथाजीनं रंगाचा डबा टाकला आन् धावत आला. सांजच्याला मिरवणुकीत त्येचा बैल एकच शिंग रंगवल्याला. लोक हसाय लागलं. नाथाजी म्हनला, हसा की, मला नातू झालाय."

सेवापुस्तकात आपलीही तारीख १ जून असावी असा अर्जदाराचा अंदाज आहे. साहेब, आपण बेंदराचे आहात. विनंती मान्य होवो अथवा न होवो, क्रमांक ४८ सोबत जोडला आहे. आपल्या मातोश्री कराडला असतात असे कळते. शक्यतो त्यांच्याशेजारी बसून ऐकावा.

उत्तराची वाट पाहत, डिस्क गार होण्याचीही वाट पाहत असलेला,

(सही)
लालासाहेब बाबूराव निकम
निवृत्त हवालदार
मु. बोरजाईवाडी, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) संदर्भीय सूचनेची प्रत.
२) श्री. पारस, सांगली यांची हस्तलिखित चिठ्ठी : "घाई करू नये."
३) पेन ड्राइव्ह, एक. मुद्रण क्रमांक ४८, कालावधी सहा मिनिटे. परत करण्याची आवश्यकता नाही.