दीडपट फट

बाबा, अकोल्याच्या तेलगिरणीतलं इंजिन काल चालू झालं आणि दिवसभर थांबलं नाही, एवढं तुम्हाला कळवायचं होतं. आणखीही काही आहे, पण ते लगेच लिहिता येत नाही.

तुमच्या अमरावतीच्या कापसाच्या जिनातलं इंजिन हवा स्वतःच ओढून घेई. दुसरी मोठी लढाई संपल्यावर विलायतेहून आलेलं हे इंजिन तसं नाही. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक लहान चक्र फिरतं आणि ते हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. त्याला टर्बो म्हणतात. तेवढ्याच लोखंडातून जास्त जोर निघतो, उष्णताही जास्त. पिस्टनवरची रिंग तापली की लांबते, हे तुम्हीच मला शिकवलं. तिच्या दोन टोकांमध्ये पुरेशी फट नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर ओरबाडते. इथे नेमकं तेच झालं होतं. मी येण्याआधी कुणीतरी जुन्या इंजिनांच्या मापाने रिंगा बसवल्या आणि ऐन सरकीच्या हंगामात इंजिन जाम झालं. मला नेमताना गिरणीचे शेठ म्हणाले, हे पुन्हा अडकलं तर भंगारात जाईल, आणि मग बाईच्या हाती दुसरं इंजिन कुणी देणार नाही. ते रागाने बोलले नाहीत. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीतला एक दिवस आठवतो. मी डबा घेऊन जिनात आले आहे. तुमच्या भुवयांवर कापसाचा भुरा बसला आहे, इंजिन उघडं पडलं आहे. तुम्ही एक रिंग माझ्या हातात देता आणि मी ती बोटांनी सिलिंडरमध्ये ढकलू लागते. ‘‘बोटानं नोको ढकलू वं. वाकडी बसली का माप खोटं निंगते. पिस्टननं लोट, सरळ जाईन.’’ मग फटीत पोलादाची पातळ पाती घालून पाहायची, आणि फट कमी असेल तर एक टोक कानशीने घासायचं. मी घासत राहिले, कारण कानशीचा आवाज मला आवडला होता. तुम्ही वळून पाहिलंत तेव्हा फट भलतीच वाढली होती. ‘‘आता काय थिगळ लावतं इले?’’ हे तुम्ही सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारलंत. संध्याकाळी तीच रिंग तुम्ही घरी आणली आणि आईने ती चुलीजवळ माठाखाली ठेवली. वलगावहून मामा भाजीची गाडी घेऊन आले की तुम्ही त्यांना स्वयंपाकघरात नेत असा. ‘‘पाहा, आमच्या बाईनं घासली. माठ हालत नाही.’’ तो टोमणा होता की कौतुक, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. हल्ली मी कौतुक धरते.

तुमच्या हाताखाली तयार झालेले मिस्त्रीकाका आता इथे मुख्य फिटर आहेत. तुमच्या मागे आईने मला पार मद्रासपर्यंत इंजिनांचं शिकायला पाठवलं, याचा त्यांना अभिमान आहे. पण अभिमान वेगळा आणि रिंगेची फट वेगळी. मी वरच्या रिंगेला तुमच्या मापाच्या दीडपट फट मागितली. काकांनी त्या जाडीची पाती हातात घेऊन पाहिली आणि बाजूला ठेवली.

‘‘बाई, एवढ्या फटीतून त बकरी जाईन.’’ बाकीचे हसले.

‘‘टर्बो आहे काका. तापल्यावर फट मिटत येते.’’

‘‘तुया बापानं असं इंजिन बांधू देलं असतं का मले? धूर ओकीन, तेल पिईन. मी नाही उतरवत पिस्टन.’’

चिडले की ते मला ‘तू’ म्हणतात. काका नाही म्हणाले की दुसरं कुणी पिस्टन टांगायच्या साखळीला हात लावत नाही, आणि तो पिस्टन एकटीने उतरवण्यासारखा नाही. मी इंजिन बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक दाखवलं. त्यांनी ते आदराने पाहिलं आणि आदराने परत दिलं.

तेव्हा मी म्हटलं, ‘‘हे बाबांनीच सांगितलं होतं. शेवटच्या दुखण्यात. म्हणाले, पुढं हवा दाबून घेणारी इंजिनं येतीन, तवा मायं माप नोको धरू. दीडपट ठेव.’’

काकांनी बाजूला ठेवलेली पाती पुन्हा उचलली. ‘‘असं म्हणला थो?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणनच. लय पुढचं दिसे त्याले.’’ त्यांनी कानस माझ्या हातातून घेतली आणि ती रिंग स्वतः घासली, बाहेरून आत, टोकाची कोर अंगठ्याने तपासत, अगदी तुमच्यासारखी.

काल सुरुवातीला धूर आला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनाकडे पाहत राहिले. तापत गेलं तसा धूर पातळ झाला, मग दिसेनासा झाला. संध्याकाळी शेठ दुसऱ्या इंजिनाविषयी बोलले. काका मात्र फिटरांना सांगत होते, हे त्याचं माप हाय. आता बडनेऱ्यापर्यंत कुणीही विचारलं तरी ते तुमच्याच नावाने सांगतील. जे माप तुम्ही जिवंतपणी कुणाला ठेवू दिलं नसतं, ते.

खरं असं आहे की त्या दुखण्यात तुम्ही इंजिनाचा शब्दही काढला नाहीत. आंबाडीची भाजी मागत होतात. मी उशाशी बसून वाट पाहत असे, कामाचं काही तरी सांगाल म्हणून. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इतकं लिहिता आलं. काकांना खरं सांगायचं असं मी काल ठरवलं होतं. आज सकाळी ते भेटले आणि म्हणाले, ‘‘अजून काय म्हणला होता थो?’’ आणि मी उभ्या उभ्या आणखी एक वाक्य बनवलं. बाबा म्हणाले, पोरीचा हात चांगला हाय.

‘‘हाव, हे त मलेबी म्हणला होता,’’ काका म्हणाले.

तेही माझ्यासारखंच बनवून बोलत होते की काय, हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही.